आरव्हीने मॉन्युमेंट व्हॅली: 17 मैलांच्या रस्त्याबद्दल

आई-बाबांना घेऊन जूनमध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पेज गावाहून मॉन्युमेंट व्हॅली या लाल कड्यांच्या दरीत जाताय आणि दरीतला खालचा 17 मैलांचा रस्ता आरव्हीतून (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून) करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. तो रस्ता कच्चा आहे, वाळू आणि खड्डे भरपूर, आणि आरव्हीला तिथे मनाईच आहे. गाडी वर व्हिजिटर सेंटरपाशी लावा आणि तिथल्या नवाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या गाईडची टूर घ्या.

तुमच्याकडे छोटी गाडी असती तरी मी हेच सांगितलं असतं. हे नॅशनल पार्क नाही, 1958 साली नवाहो लोकांनी स्वतः स्थापन केलेलं ट्रायबल पार्क आहे. म्हणून नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही. खाली आजही काही कुटुंबं राहतात. 'इअर ऑफ द विंड'सारख्या आतल्या कमानी बघायच्या तर गाईडशिवाय जाता येत नाही. आमच्या गाईडने एका कड्याखाली गाडी थांबवून थर दाखवले होते. पायथ्याला ठिसूळ लाल शेल (चिखलाचा बनलेला खडक), त्यावर सरळसोट वालुकाश्म, माथ्यावर कठीण खडकाची टोपी. खालचा शेल झिजला की वरच्याचा आधार जातो आणि तो उभ्या भेगांवर तुटून पडतो, म्हणून कडे इतके ताठ. हे कळल्यावर दोन्ही 'मिटन' (हातमोज्याच्या आकाराचे प्रसिद्ध सुळके) बघताना नजर आपोआप पायथ्याच्या ढिगाऱ्याकडे जाते.

टूरच्या गाड्या बऱ्याचदा उघडे, चढायला उंच ट्रक असतात. आईंना गुडघ्यांचा त्रास आहे म्हणालात, तर बुकिंग करतानाच बंद गाडी मागा. लाल धूळ नाकातोंडात जाते, ओढणी किंवा रुमाल हवाच.

मुक्कामाला जवळचं गोल्डिंग्ज हे कॅम्पग्राउंड बघा. तिथे हुकअप (आरव्हीला वीज-पाणी जोडायची सोय) आहेत आणि जूनमध्ये एसीशिवाय आई-बाबांचे हाल होतील. पार्कमधल्या कॅम्पग्राउंडवरून मिटन अगदी समोर दिसतात, पण तिथे हुकअप नाहीत.

उन्हाळ्यात नवाहो भागातलं घड्याळ पेजपेक्षा एक तास पुढे असतं, टूरची वेळ त्यानुसार धरा. दारू आणि ड्रोन दोन्हींना बंदी आहे. पुढे उत्तरेला जाणार असाल तर जीपीएस 261 नंबरचा रस्ता दाखवेल. त्यावरच्या मोकी डगवे या कड्यावरून उतरणाऱ्या घाटाच्या कच्च्या वळणांवर आरव्ही अजिबात घालू नका.

आणि पाण्याची टाकी पेजलाच भरून घ्या. नवाहो भागातल्या कित्येक घरांत अजून नळ नाही, लोक लांबून पिंपं भरून आणतात.