हंगेरीतील ‘मुक्त लोकशाहीवाद्यांची आघाडी’ हा उदारमतवादी पक्ष कसा जन्माला आला आणि तो का टिकला नाही?

प्रश्नाच्या पहिल्या भागावर मला लिहिलेच पाहिजे, कारण आमच्या घरात या विषयावरून वीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. धाकट्या भाऊजींचे ठाम मत असे, की उदारमतवादी म्हणजे बंद खोलीत चर्चा करणारी सुखवस्तू मंडळी आणि गरिबांशी त्यांचे काही देणेघेणे नसते. हंगेरीपुरते तरी हे साफ चूक आहे.

१९९६ ते १९९९ या काळात यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही बुडापेस्टला होतो. खालच्या मजल्यावर एक निवृत्त टंकलेखिका राहत. मी त्यांना आजीच म्हणत असे. एकदा त्यांनी कपाटामागून एक लाकडी चौकट काढली, कम्युनिस्ट राजवटीतल्या भूमिगत छपाईची. तिच्यावर बारीक विणीचे रेशमी कापड ताणून बसवलेले होते आणि कडांना काळी शाई वाळून घट्ट झाली होती. चौकटीखाली स्टेन्सिल लावायचे, वरून शाई ओतायची आणि रबरी पट्टी एकदा ओढली की एक पान छापून होई. माझे वडील आणीबाणीत सायक्लोस्टाईलवर भूमिगत पत्रके काढत असत, त्यामुळे स्टेन्सिल म्हणजे काय हे मला समजावून सांगावे लागले नाही; पण यंत्राशिवाय, एकेक पान हाताने ओढून अख्खे पुस्तक छापणारी माणसे मी प्रथमच पाहत होते. ही रीत गाबोर देम्स्की यांनी पोलंडमधून शिकून आणली. हेच देम्स्की पुढे १९९० पासून वीस वर्षे बुडापेस्टचे महापौर होते.

छपाईच्याही आधी आजी कपडे गोळा करीत होत्या. १९७९ मध्ये समाजशास्त्रज्ञ ओतिलिया शोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेता’ हा गरिबांना मदत करणारा निधी उभारला. समाजवादी देशात गरिबी नाहीच, अशी सरकारची भूमिका असल्यामुळे गरजू कुटुंबाला कोट नेऊन देणे हेच राजकीय कृत्य ठरत होते. त्याच वर्तुळातून १९८१ मध्ये ‘बेसेलो’ हे भूमिगत नियतकालिक निघाले. ‘बोलणारा’ आणि ‘तुरुंगातील भेट’ असे या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. तत्त्वज्ञ यानोश किश हे त्याच्या संपादकांपैकी एक होते. जून १९८७ मध्ये त्याच्या विशेषांकाने सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस यानोश कादार यांनी जायलाच हवे असे उघड लिहिले आणि मे १९८८ मध्ये कादार खरोखरच सरचिटणीसपदावरून गेले. याच वर्तुळातून १३ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘मुक्त लोकशाहीवाद्यांची आघाडी’ हा पक्ष स्थापन झाला. पुढच्या वर्षी सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात वाटाघाटींतून झालेल्या गोलमेज करारावर सही करण्यास नकार देऊन त्याने सार्वमतासाठी सह्या गोळा केल्या. राष्ट्राध्यक्षाची निवड संसदीय निवडणुकीनंतरच व्हावी, ही बाजू २६ नोव्हेंबर १९८९ रोजी जेमतेम सहा हजार मतांनी जिंकली. भाऊजी, सह्या गोळा करायला दारोदार जावे लागते, ते काम बंद खोलीत होत नाही.

पक्ष का टिकला नाही, याची कारणे अनेक आहेत. १९९० मध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर होता, १९९४ मध्ये ज्यांच्या विरोधात उभा राहिला त्यांच्याच वारसदारांच्या, म्हणजे समाजवाद्यांच्या सरकारात गेला आणि २०१० नंतर संसदेत त्याचा एकही सदस्य उरला नाही. तरुणांचा जुळा उदारमतवादी पक्ष फिदेस मात्र उजवीकडे वळून सत्तेवर आला.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. पक्षात सुरुवातीपासूनच झटपट खासगीकरण हवे असणारे अर्थतज्ज्ञही होते. मार्च १९९५ मध्ये त्याच सरकारातील अर्थमंत्री बोक्रोश यांनी कुटुंबभत्ते आणि बाळंतपणानंतरची मदत कापणारी योजना आणली, तेव्हा पक्षाने तिला पाठिंबा दिला. त्या वेळी आजींची नात बाळंत होती. त्यानंतर आजींनी या पक्षाला कधीही मत दिले नाही. भाऊजींना मी हे आजवर सांगितलेले नव्हते. चौकट मात्र आजींनी टाकली नाही. आम्ही भारतात परत निघालो तेव्हाही ती त्याच कपाटामागे होती.