तुरुंगात पाळक होण्याची इच्छा: एका वडिलांच्या पत्राला उत्तर

पत्राचा सारांश: आम्ही मूळचे अहिल्यानगरचे, गेली वीस वर्षे इंग्लंडमधील लेस्टरला राहतो. मुलगी 22 वर्षांची, मानसशास्त्राची पदवीधर आहे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पाळकपदाची दीक्षा घेऊन तुरुंगात चॅपलेन, म्हणजे तेथील कैद्यांचा पाळक, व्हायचे, असे तिने ठरवले आहे. तिचे पणजोबा पाळक होते, त्यामुळे पाळकपणाला आमची ना नाही; पण तुरुंगच कशासाठी? मुलीच्या जातीला ते सुरक्षित आहे का, आणि पोटापाण्याचे काय?

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो. तुरुंगातील चॅपलेन म्हणजे सणासुदीला येऊन प्रार्थना करून जाणारा पाहुणा नव्हे. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या 1952 च्या तुरुंग कायद्यानेच प्रत्येक तुरुंगात चॅपलेन असणे बंधनकारक केले आहे. आज त्याच्यासोबत इमाम, कॅथलिक धर्मगुरू, हिंदू आणि शीख चॅपलेन असे सगळे मिळून काम करतात, आणि कोणाचेही धर्मांतर घडवण्याचा प्रयत्न करण्यास तेथे सक्त मनाई आहे.

रविवारची उपासना हा या कामाचा लहानसा भाग आहे. नव्याने आलेल्या प्रत्येक कैद्याला, तो कोणत्याही धर्माचा असो वा नसो, चोवीस तासांच्या आत भेटायचे असते. एकांत कोठडीत ठेवलेल्यांकडे आणि आजारी कैद्यांकडे रोज फेरी असते. ज्याने स्वतःला इजा करून घेतली आहे किंवा तशी भीती आहे, त्याच्याकडेही लक्ष ठेवायचे असते. कमरेच्या पट्ट्याला साखळीने अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा दिवसभर सोबत असतो, आणि प्रत्येक फाटकातून गेल्यावर मागचे कुलूप लावून, दार ओढून पाहूनच पुढे जावे लागते.

सर्वांत कठीण प्रसंग कोणता, तेही सांगतो, कारण मुलीशी बोलताना आपल्याला त्याचा उपयोग होईल. एखाद्या कैद्याची आई वारल्याचा फोन येतो. ती बातमी खरी आहे का, याची चॅपलेन आधी रुग्णालयाकडे किंवा अंत्यविधी करणाऱ्यांकडे खात्री करून घेतो, मग त्या माणसाला बराकीच्या गोंगाटातून बाजूला नेऊन, समोर बसवून, आडवळण न घेता सांगतो. घरी फोन लावून देतो, अंत्यविधीला जाण्याची परवानगी मिळेल का ते विचारतो, आणि पुष्कळदा त्या परवानगीचा नकारही त्यालाच कळवावा लागतो. त्यानंतर तो माणूस कोठडीत परततो, दार बंद होते, आणि चॅपलेनला पुढच्या कैद्याकडे जायचे असते.

म्हणून सुरक्षिततेविषयीची आपली काळजी मला समजते, पण माझी काळजी थोडी वेगळी आहे. प्रशिक्षण, नियम आणि आसपासचे कर्मचारी यांमुळे अंगावर येणाऱ्या धोक्याला बराच आळा बसतो. मनावर साचत जाणाऱ्या भाराला मात्र तसा पहारेकरी नसतो. ऐकलेले सारे गुपित ठेवण्याचीही मुभा नसते, कारण कोणाच्या जिवाला किंवा तुरुंगाच्या सुरक्षेला धोका असल्याचे कळले तर ते सांगावेच लागते, आणि विश्वास टाकणाऱ्या माणसाला हे आधीच स्पष्ट करणे जड जाते.

आता वाटचालीविषयी. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा 1994 पासून मिळते. ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये त्या वर्षी 12 मार्चला पहिल्या 32 स्त्रियांना ती देण्यात आली. आपल्या मुलीचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या वेळचे वचन स्वतः पक्के करण्याचा विधी) झालेले असावे लागेल. आपले घराणे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असेल, तर 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेली ती मंडळीही अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नाते असलेल्या चर्चच्या, कुटुंबातीलच आहे, तेव्हा हे घर तिला परके नाही. धर्मप्रांताच्या निवडप्रक्रियेत वर्षभर किंवा अधिक काळ जातो, मग ईश्वरविद्येचे दोन-तीन वर्षांचे शिक्षण आणि एखाद्या स्थानिक मंडळीत (चर्चमध्ये) शिकाऊ पाळक म्हणून तीन-चार वर्षांची उमेदवारी. तुरुंग हेच ध्येय असले तरी लग्न, बाप्तिस्मे, म्हाताऱ्यांच्या भेटी ही सगळी पाळकाची कामे तिने मनापासून करायला हवीत. दीक्षेकडे ती केवळ तुरुंगाचे दार उघडणारी किल्ली म्हणून पाहत असेल, तर निवड करणाऱ्यांना ते लगेच कळेल, आणि कळायलाच हवे.

सरकारी तुरुंगातील चॅपलेन पगारी सरकारी नोकर असतो, त्याला निवृत्तिवेतनही असते. पण स्थानिक मंडळीच्या पाळकाला मिळते तसे घर त्याला मिळत नाही. घरभाड्याचा हिशेब आजच मनात धरावा.

माझा स्पष्ट सल्ला असा, की निवडीचा अर्ज करण्यापूर्वी तिने जवळच्या तुरुंगाच्या चॅपलन्सीत, म्हणजे चॅपलेनच्या विभागात, वर्षभर स्वयंसेवक म्हणून जावे. पार्श्वभूमीची तपासणी व्हायला वेळ लागतो, म्हणून चौकशी याच महिन्यात करावी. या वर्षात तिला घरी आल्यावर जेवण जाते का, झोप लागते का, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावेसे वाटते का, हे आपण जवळून पाहू शकाल. त्यानंतर तिला घेऊन मला पुन्हा जरूर लिहा. पुढचे पत्र तिच्या हातचे असेल तर अधिक बरे.

आपला,
करिअर मार्गदर्शक