पिसवांचं औषध: कुत्र्याचं मांजराला नको

पिसवांच्या औषधांबद्दल त्याच त्या शंका पुन्हा येत आहेत. त्यातल्या एका चुकीने मांजराचा जीव जाऊ शकतो, म्हणून उत्तरं इथेच देते.

प्रश्न: थेंबांचं औषध लावल्यावर लगेच आंघोळ घालावी का?

नाही. किती दिवस थांबायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

प्रश्न: कुत्र्याचं औषध उरलंय. मांजर लहान आहे, तर अर्धंच लावलं तर चालेल ना? ओळखीच्यांनी लावलं होतं, काही झालं नाही.

अर्धं नाही, पाव नाही, थेंबभरही नाही. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, काहींत तर ४० टक्क्यांहून जास्त. कुत्र्याचं यकृत ते निकामी करून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताची ती ताकद फार तोकडी असते, त्यामुळे विष अंगात राहतं आणि मज्जातंतूंवर चढतं. आधी कान आणि चेहरा फडफडतो, मग अंग थरथरतं, झटके येतात, ताप चढतो. हे काही तासांतही होतं, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. तेव्हा ‘ओळखीच्यांच्या मांजराला काही झालं नाही’ याला मी पुरावा मानत नाही. राग येतो तो पाकिटांचा: कुत्र्याचं आणि मांजराचं औषध दिसायला सारखंच, आणि मांजराचा इशारा मागे बारीक अक्षरांत.

चुकून लावलंच असेल आणि मांजर अजून शांत असेल, तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने ती जागा धुवा, कोरडं करा, उबेत ठेवा आणि पाकीट घेऊन दवाखान्यात निघा. थरथर सुरू झाली असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा. यावर उतारा नाही. झटके थांबवणारी औषधं आणि सलाईन यांवरच भिस्त असते. वेळेत आणलेली बहुतेक मांजरं वाचतात. ‘रात्रभर बघू, उतरेल’ म्हणून थांबलेल्यांचं मात्र अवघड होतं.

प्रश्न: आमचे कुत्रा-मांजर एकमेकांना बिलगून झोपतात.

मग डॉक्टरांना आधीच सांगा, घरात मांजर आहे. परमेथ्रिन नसलेलं औषध मिळतं. परमेथ्रिन आधीच लावलं असेल, तर दोघांना किती वेळ वेगळं ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न: टी ट्री तेल किंवा लसूण? नैसर्गिक आहे ना.

दोन्ही नको. पातळ न केलेल्या टी ट्री तेलाने कुत्रा-मांजराचे पाय लुळे पडू शकतात, लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द विकायला सोपा असतो, एवढंच.

प्रश्न: पिसवांच्या चघळायच्या गोळीने फिट येते का?

काही प्राण्यांत येऊ शकते. आयसोक्सॅझोलिन या कीटकनाशक गटाच्या अशा गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये तसा इशारा दिला आहे. बहुतेकांना त्या सोसतात, पण पूर्वी कधी झटका आला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न: औषध लावूनही पिसवा दिसतात. दोन औषधं एकदम वापरू का?

मुळीच नाही, विषबाधा अशीच होते. अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या, कोष अंथरुणात आणि गालिच्यात असतात. कोषातून पिसवा कित्येक आठवडे निघत राहतात. अंथरूण गरम पाण्यात धुवा, घर रोज व्हॅक्यूम करा, औषध ठरलेल्या तारखेलाच द्या. महिना-दोन महिन्यांत फरक पडला नाही तर प्राणी दाखवायला आणा.

प्रश्न: पिसवांच्या थेंबांतलं फिप्रोनिल हे कीटकनाशक सशाला चालतं का?

नाही. लावलं असेल तर आजच डॉक्टरांकडे न्या, ससा खाणं सोडेपर्यंत थांबू नका.