ताई, माझ्या पाकिटात कार्डच जात नाही!

मागच्या अंकात माझ्या बाल्कनीतल्या चामड्याच्या उद्योगाबद्दल लिहिलं, तर नाशिकमधून एवढे प्रश्न आले की मलाच आश्चर्य वाटलं, मला वाटत होतं या गावात हे खूळ मला एकटीलाच आहे. काही प्रश्न तेच ते होते, ते एकत्र केलेत.

ताई, व्हिडिओ बघून पहिलं पाकीट केलं, शिलाई पण बरी आली, पण एटीएम कार्ड आत जाईना. जोर लावून घातलं तर आता निघत नाहीये. माप तर कार्डाचंच घेतलं होतं!
*— कॉलेजला असलेला एक वाचक, सिडको*

हसले, सॉरी. माझं पहिलं पाकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे आणि त्यात एक जुनं लायब्ररी कार्ड कायमचं राहायला गेलंय. चूक तिथेच आहे रे, की माप कार्डाचं घेतलंस. कार्ड ८५.६ मिमी लांब असतं, पण शिलाई कडेपासून तीन-चार मिमी आत येते, म्हणजे दोन्हीकडचे मिळून सात-आठ मिमी तिथेच गेले, आणि वर कार्ड आत गेलं की चामडं थोडं फुगतं, त्याला पण जागा लागते. म्हणून दोन शिलायांच्या मधलं अंतर ९० मिमी धर आणि तुकडा ९८ चा काप. मधून दुमडणारं पाकीट असेल तर असे दोन कप्पे आणि मधे घडीसाठी आठ-दहा मिमी, म्हणजे साधारण २०५ मिमी झाले. एवढ्या रुंदीत पाचशेची नोट आरामात बसते, ती १५० मिमीच आहे. उंचीचं मात्र बघ. २०१६ नंतरच्या नोटा जास्तीत जास्त ६६ मिमी उंच आहेत पण जुनी शंभराची अजून चालते आणि ती ७३ ची, म्हणून मी बाहेरचा तुकडा ८८ चा घेते.

आणि थेट चामड्यावर कापू नकोस. आधी जाड कागदाचं पाकीट करून बघ, चिकटपट्टी लावून. लग्नपत्रिका यासाठी एक नंबर, घरात ढीग पडलेला असतोच. अडकलेल्या कार्डासाठी एका बाजूची शिलाई उसव, ओढाताण केलीस तर कार्डाची चिप जाईल.

ऑनलाइन चाळीस-पन्नास पीसचं किट मिळतंय, घेऊ का? आणि माझे टाके एका बाजूने सरळ, दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे का येतात?
*— एक वाचक, गंगापूर रोड. असाच प्रश्न नाशिकरोड आणि पंचवटीतूनही*

किट नका घेऊ. त्यातल्या तीस वस्तू तुम्ही कधीच वापरणार नाही आणि ज्या दहा वापराल त्यांना धार नसते. सुरुवातीला एक चांगली रापी (चामडं कापायची चपटी सुरी) किंवा कटर, स्टीलची पट्टी, ४ मिमी अंतराचा भोकं पाडायचा काटा (दोन दात आणि सहा दात असे दोन), एक आरी (चामड्याला भोक पाडायचं टोकदार हत्यार), बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा आणि नायलॉनची किंवा लाकडाची हातोडी एवढं बास. लोखंडी हातोडी नको, काट्याचं डोकं चेपतं. खाली घरातला कडप्प्याचा उरलेला तुकडा ठेवायचा आणि त्यावर प्लास्टिकचा जाड कटिंग बोर्ड. ओट्यावर ठोकू नका, आवाजाने खालचे लोक वर येतात, अनुभव आहे.

आता टाके. आपली हातशिलाई म्हणजे एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई, आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवलेला असतो, एक तुटला की पुढचे टाके सुटत जातात. हातशिलाईत एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो, म्हणून तर एवढी खटपट. मागची बाजू वाकडी येते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्याने. पहिल्या भोकात उजवी सुई आधी घातली तर शेवटपर्यंत उजवीच आधी, आणि डावी सुई दरवेळी पहिल्या दोऱ्याच्या एकाच बाजूने, म्हणजे खालून तर कायम खालून. मधे फोन आला, चहा आला आणि क्रम उलटा झाला की तो टाका लगेच वेगळा दिसतो. दुसरी सुई घालताना पहिला दोरा थोडा मागे ओढून धरायचा, नाहीतर सुई दोऱ्यातूनच आरपार जाते आणि मग टाका घट्ट बसतच नाही. दोरा शिलाईच्या चौपट आणि वर एक वीत घ्या. कमी पडला की जो संताप होतो तो विचारू नका.

चामडं कुठून आणायचं आणि खरं कसं ओळखायचं? दुकानदार सगळ्यालाच 'प्युअर लेदर' म्हणतो.
*— एक वाचक, इंदिरानगर*

मी धारावीला जाते. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरायचं आणि पुढे टॅक्सी. चामडं तिथे चौरस फुटावर मिळतं, आणि पूर्ण कातडं घ्यावं लागेल या भीतीने लोक जात नाहीत, पण तुकडे पण मिळतात, विचारायचं.

'प्युअर' या शब्दाला अर्थ नाही, विचारायचं काय तर व्हेज टॅन आहे की क्रोम टॅन. व्हेज टॅन झाडाच्या सालीत, हिरड्यात वगैरे कमावलेलं असतं, कोल्हापुरी चपलेचं चामडं तसंच, बाभळीची साल आणि हिरडा. ते कडक असतं, नखाने दाबलं तर वण राहतो, पाण्याचा थेंब टाकला तर पितं आणि काळपट होतं. कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं, मऊ, रंगीत, बॅगेला छान, पण त्याच्या कडेला आत बरेचदा निळसर-करडी रेघ दिसते आणि त्यावर ठसे उमटत नाहीत, कड घासून चकचकीत पण होत नाही. नवशिक्याने व्हेज टॅनच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. पाकिटाला एक-दीड मिमी, बेल्टला साडेतीन ते चार.

आमच्या पथकातल्या ढोलाचं फाटलेलं कातडी पान आहे, त्याचं काही करता येईल का? फेकवत नाही.
*— ढोलवादक, जुने नाशिक*

हा प्रश्न मला फार आवडला. पण पाकीट नाही होणार दादा. ढोलाचं पान म्हणजे कच्चं कातडं, चुन्यात घालून केस काढायचे, ताणून वाळवायचं, झालं. ते कमावलेलंच नसतं. म्हणूनच पावसाळी हवेत ते सैल पडतं आणि वाजवायच्या आधी शेकावं लागतं. त्याचं पाकीट केलं तर उन्हाळ्यात पापड आणि जुलैत ओला टॉवेल. फार उकळलंत तर सरस होईल, सुतार लोक वापरायचे तो.

पण टाकू नका. भिजवून मऊ करा, पाहिजे त्या आकारावर ताणून बांधा आणि सावलीत वाळू द्या, आकार तसाच राहतो. मी अशा एका तुकड्याची छोट्या दिव्याची शेड केली, आत एलईडी, प्रकाश मधासारखा पिवळा येतो आणि पानावर जिथे वर्षानुवर्षं टिपरू पडलं तो काळा गोल मधोमध दिसतो. तो पुसायचा नाही. फक्त गरम होणारा बल्ब नको.

पावसाळ्यात कपाटातल्या बेल्टवर पांढरी बुरशी आली, बेल्ट गेला का?
*— एक वाचक, कॉलेज रोड*

नाही गेला. बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, मग व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन ओलसर फडक्याने (आधी मागच्या बाजूला थोडं लावून बघा रंग जातो का), सावलीत पूर्ण वाळवा, मग अगदी थोडं मेणाचं पॉलिश. उन्हात ठेवू नका, तडकतो. आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवणं बंद करा, बुरशीला तेच हवं असतं.

मी घरी चामडं आणलं तर आजी म्हणते, हे काय चांभारकाम सुरू केलंस, देवघराच्या बाजूला नको. काय सांगू तिला?
*— बारावीचा विद्यार्थी, पंचवटी*

देवघराशेजारी नको हे ऐक, तिचं घर आहे, बाल्कनीत बस. चिकटवायच्या सोल्युशनच्या वासासाठी सुद्धा बाल्कनीच बरी. पण तो शब्द ती ज्या सुरात म्हणाली ना, त्याबद्दल तिला एकदा विचार की संत रोहिदासांचं काम काय होतं. भांडू नकोस, फक्त विचार.

आणि तुला एक सांगते. मी दीड वर्ष व्हिडिओ बघून शिकले आणि मग एकदा शालिमारजवळ फुटपाथवर बसणाऱ्या एका काकांकडे चपलेचा अंगठा शिवायला गेले, सहज माझी रापी दाखवली. त्यांनी अंगठ्यावर धार फिरवून बघितली आणि म्हणाले, "ताई, ह्याने केळं पण कापायचं नाही." मग पाटीएवढ्या दगडावर पाणी टाकून, एकाच कोनात, न उचलता, दहा मिनिटं घासत बसले, नंतर जुन्या पट्ट्याच्या खरखरीत बाजूवर उलटी ओढली. त्यांनी कड तासली तेव्हा साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली, मी तोपर्यंत चामड्याचे नुसते लचके तोडत होते. तेव्हापासून महिन्यातून दोन शनिवार मी त्यांच्याकडे बसते आणि क्लासची फी देतो तशी फी देते. ते आधी नको म्हणाले. मी म्हटलं काका, मुंबईच्या वर्कशॉपवाल्याला दिले असते ना, मग तुम्हाला का नको? आपल्याला हौस म्हणून करायचंय, त्यांचा तो दिवसाचा धंदा आहे, फुकट विचारत बसलं की त्यांचं गिऱ्हाईक जातं. तुझ्या घराजवळ कोणी असेल तर असंच जा.

आजीसाठी पहिली वस्तू चष्म्याची केस कर. पोथी वाचायला ती चष्मा आत नेईल आणि केस बाहेर ठेवेल, चालतंय की. फक्त माप चष्म्याचं घेऊ नकोस.