शिंपीकाकांना विचारा : मोहरी किती ठेवू?

प्रश्न : काका, मी २६ वर्षांचा आहे, नाशिकला नोकरी करतो. उंची ५ फूट ४ इंच. कॉलेजात असताना पायाला चिकटणाऱ्या पँटी घेतल्या, त्या आता कुणी घालत नाही म्हणून पडून आहेत. यंदा ऑफिसातल्या मित्रांचं बघून खांदे उतरलेले ढगळ शर्ट घेतले, तर त्यात मी बुडाल्यासारखा दिसतो. कपाट भरलंय, पण सकाळी घालायला काही सापडत नाही. फॅशनच्या मागे न लागता स्वतःची स्टाइल करायची म्हणजे नेमकं काय करायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुझं पत्र वाचून मी दुकानातल्या जुन्या मापवह्या काढल्या. वडिलांनी १९७१ साली दुकान टाकलं, तेव्हापासूनच्या जपून ठेवल्यात. फॅशन त्यांत इंचांत लिहिलेली आहे. एका गिऱ्हाइकाच्या पँटची मोहरी, म्हणजे पायाशी असतो तो घेर, १९७७ ला २४ इंच, बेलबॉटमचे दिवस. १९९५ ला कमरेला चुण्या आणि मोहरी १८. २०१४ ला त्यांच्या मुलाची १३. टाच आत जाईना, म्हणून ट्रायलला पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायला लावली होती मी त्याला. आता त्याच मुलाची परत २०.

त्याच वह्यांत एक गुरुजी आहेत. त्यांची मोहरी १९७७ लाही १६ आणि गेल्या दिवाळीतही १६. वडिलांनी तेव्हा गळ घातली होती, "गुरुजी, असली अरुंद पँट आता कुणी शिवत नाही." ते म्हणाले, "मी सायकलवर शाळेत जातो. पायघोळ कापड चेनमध्ये अडकेल." शर्टाला दोन खिसे, एक चष्म्याला, एक डायरीला. बाह्या अर्ध्याच, कारण फळ्यावर लिहिताना पूर्ण बाहीला खडू लागतो. रस्त्यात पाठमोरे दिसले तरी मी त्यांना ओळखतो. याला मी स्टाइल म्हणतो.

गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत सदरा-टोपी सोडून पंचा धरला. बाबासाहेब सुटाबुटात राहिले. ज्या समाजाला धड कपडाही घालू दिला जात नव्हता, त्या समाजातून येऊन. दोन टोकं, पण दोघांनाही आपण हेच का घालतो ते पक्कं ठाऊक होतं.

आता तुझं. शर्ट घेताना सगळ्यात आधी खांदा बघ. खांद्याचं हाड संपतं तिथे बाहीची शिवण बसली पाहिजे. ढगळ शर्टात ती मुद्दाम दोन-तीन इंच खाली उतरवलेली असते. उंच माणसाला ते खपून जातं. तुझ्या उंचीला त्याने धड रुंद आणि पाय आखूड दिसतात. यात तुझ्या अंगाची काहीही चूक नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आरशासमोर खजील होणारी पोरं मी खूप पाहिली आहेत आणि मला ते बघवत नाही. बाहेर सोडायचा शर्ट पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत पुरे. लांबी कुठलाही शिंपी अर्ध्या तासात कमी करून देईल. खांदा मात्र बाह्या उसवून बसवावा लागतो, स्वस्त शर्टावर तो खर्च करू नकोस. पँटी उलट्या करून शिवणीत दाब, म्हणजे आत राखलेलं जादा कापड, किती आहे बघ. अर्धा इंच असेल तर थोड्या सैल होतील. रेडीमेडमध्ये बहुधा नसतो.

रविवारी एक काम कर. धुऊन वाळला की पुन्हा तोच अंगात चढवतोस, असा एक शर्ट तुझ्याकडे असेलच. तो जमिनीवर पसरून टेपने तीन मापं घे : मागून खांदा, बगलेखाली छाती, कॉलरच्या शिवणीपासून लांबी. यापुढे ऑनलाइन घेताना एम-एल न बघता हे तीन आकडे जुळव. शेजारी लिही, तो शर्ट तुला का आवडतो. कापड, रंग, खिसा, काहीही असो, खरं कारण लिही. ते मला कळव, मग मोहरी किती ठेवायची ते बघू.