नोट बुडाली तर भरपाई कोण देणार?

प्रश्न : केनियातल्या मोंबासा शहरात एका झोपडपट्टीने स्वतःची नोट काढली, असं वाचलं. आमच्या बचत गटातल्या बायकांकडे माल असतो, पण आषाढात कुणाच्याच हातात रोकड नसते. आम्ही अशी नोट काढावी का? आणि ती बुडाली तर भरपाई कोण देणार?
– एक वाचक भगिनी, जि. सोलापूर

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. सारी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात झाली, त्यामुळे मला आधी जामीनदार दिसतो.

मोंबासातल्या त्या वस्तीचं नाव बांगलादेश, आणि २०१३ साली निघालेल्या कुपनाचं नाव 'बांगला-पेसा'. त्यामागे ना बँक ना सोनं. सभासद व्हायचं तर वस्तीतल्याच चार धंदेवाल्यांनी हमी द्यायची. मग ४०० शिलिंगांची (शिलिंग म्हणजे केनियाचं चलन) कुपनं निघत. निम्मी सभासदाच्या हाती, निम्मी वस्तीच्या सामाईक कामांना. शिंपिणीने भाजी घेऊन कुपन द्यायचं, भाजीवालीने तेच न्हाव्याला. शिलिंग राहतात भाड्याला आणि शाळेच्या फीला. आपली सावडच ही, फक्त बैलांऐवजी कागद फिरतो. एखादा बुडवून पळाला, तर झळ वस्तीलाच. सही ठोकून विसरणारे जामीनदार मी ढिगाने पाहिलेत. इथे मात्र जामीनदाराचं दुकान शेजारीच असतं!

सरकारला हे रुचलं नाही. योजना उभी करणारे विल रुडिक आणि काही सभासद यांना बनावट चलनाच्या संशयावरून अटक झाली. खटला मात्र मागे घेतला गेला. नंतर कागद जाऊन मोबाइलवरचं 'सराफू' आलं. २०२० च्या कोरोनाकाळात केनियाच्या रेडक्रॉसनेही त्याला हात दिला.

अडचण येते ती किराणा दुकानात. त्याचा माल बाहेरून येतो, घाऊक व्यापारी कुपन घेत नाही, मग गल्ल्यात कुपनांचा ढीग साचतो. म्हणून दिवसाला किती कुपनं घ्यायची, याची मर्यादा दुकानदाराने ठरवलेली बरी.

तुम्ही मात्र नोट छापू नका. मागताक्षणी धारकाला पैसे देण्याचं वचन असलेला कागद काढायला रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ३१ मनाई करतं. गटाच्या वहीत नावानिशी जमा-नावे लिहा, प्रत्येकीच्या उधारीला मर्यादा ठेवा, महिन्याला मेळ घाला. त्याआधी पुढच्या बैठकीत प्रत्येकीला एवढंच विचारा : गेल्या आठवड्यात गटातल्या कुणाकडून काय घेतलं? निम्म्याजणी 'काहीच नाही' म्हणाल्या, तर वही उघडूच नका.