टोकियोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कागदपत्रे पाहायची आहेत, जाण्याआधी काय तयारी करावी?

निम्मे काम घरूनच होते. जाकार (JACAR) या जुन्या जपानी सरकारी कागदपत्रांच्या मोफत संकेतस्थळावर आधी शोधा. तिथल्या संदर्भ क्रमांकाचे पहिले अक्षर नीट पाहा: ए म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागार, बी म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचे दप्तर, सी म्हणजे संरक्षण अभ्यास संस्था. तिन्हींच्या इमारती वेगवेगळ्या आहेत. मुंबईच्या जपानी वकिलातीचे कापूस-व्यापाराचे अहवाल हवे असतील, तर बीपासून सुरुवात करा.

शोधताना बरेच जण इथे अडतात: नोंदी जपानी कालगणनेत, म्हणजे सम्राटांच्या कारकिर्दीनुसार (मेइजी, ताइशो, शोवा) असतात. शोवा १७ म्हणजे १९४२. शोवा वर्षात १९२५ मिळवा, ताइशोत १९११, मेइजीत १८६७. गावांची नावेही जुन्या कान्जीत (चिनी वळणाच्या चित्राक्षरांत) असतात, त्यामुळे आजच्या काताकानात (परकी नावांसाठीच्या उच्चारलिपीत) 'मुंबई' टाकून बरेच काही निसटते.

अभिलेखागाराच्या यादीत फाइलपुढे 'तपासणी आवश्यक' असा शेरा असेल, तर ती त्याच दिवशी हातात येईल असे धरू नका. तपासणीला महिनाभर किंवा जास्तही लागू शकतो, म्हणून तिकीट काढण्याआधीच अर्ज करा. हे मी सर्वांत आग्रहाने सांगेन.

इमारत कितानोमारू उद्यानात, ताकेबाशी स्थानकापासून पाचेक मिनिटांवर आहे. आत पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्या. फोटो काढता येतात, पण फ्लॅश बंद ठेवून. प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला फोटो त्याच्या क्रमांकाचा घ्या, नाहीतर नंतर संदर्भ जुळवता येत नाहीत.